आजारपण इंग्रजीत कसं सांगायचं? (मुलांकडे परगावी-परदेशी जाणारे आईबाबा आणि नर्सिंगच्या मुलींसाठी)

पूर्वभाग_शिकवणी

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात पूर्व भागात संध्याकाळी इंग्रजी बोलायचा वर्ग घेते. वर्गाला नर्सिंग शिकणाऱ्या मुली येतात, आणि ज्यांची मुलं बेंगळुरूला किंवा परदेशात आहेत असे आईबाबा येतात. दुकान, बँक, विमानतळ हे त्यांना लवकर जमतं. अडतं ते डॉक्टरपुढे. तब्येतीचं बोलणं आपण घरात मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये ऐकत मोठे झालेलो असतो. इंग्रजीत मात्र शाळेतला रजेचा अर्ज आठवतो, 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर', आणि त्यापुढे गाडी सरकत नाही.

मला सांगायचंय ते आधीच सांगून टाकते. आजाराचं नाव सांगायला जाऊ नका. कुठे होतंय, कधीपासून होतंय, कसं होतंय आणि कशाने वाढतंय, एवढंच छोट्या वाक्यांत सांगा. नाव शोधणं डॉक्टरचं काम आहे. आपण जे नाव सांगतो ते बहुतेक वेळा इंग्रजी वाटणारा मराठी शब्द असतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

'कफ झालाय' म्हणताना आपल्याला छातीत साठलेला चिकट पदार्थ म्हणायचा असतो. इंग्रजीत 'कफ' म्हणजे खोकला. त्या चिकट पदार्थाला 'फ्लेम' किंवा 'म्यूकस' म्हणतात. म्हणून वाक्य असं: 'आय हॅव अ कफ अँड आय ब्रिंग अप यलो फ्लेम.' रंग सांगायचाच, कारण पुढचा प्रश्न हमखास तोच असतो.

'वीकनेस आलाय' हे तर आपलं रोजचं. आपल्याला थकवा सांगायचा असतो. डॉक्टरच्या कानाला 'वीकनेस' म्हणजे हातापायातली ताकद गेली, आणि ते लगेच लकव्याच्या दिशेने तपासायला लागतात. थकवा असेल तर 'आय फील टायर्ड ऑल द टाइम' किंवा 'आय हॅव नो एनर्जी'. एखादा हात खरंच उचलत नसेल तरच 'माय राइट आर्म इज वीक', आणि ते ताबडतोब सांगायचं.

'आय हॅव बीपी' असं म्हणू नये. ब्लड प्रेशर प्रत्येकाला असतंच. 'आय हॅव हाय ब्लड प्रेशर' असं पूर्ण म्हणावं. शुगरचंही तसंच, 'आय हॅव डायबेटीस'.

आणि पित्त! अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, आंबट पाणी आलं तरी पित्त, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्तच. त्याला इंग्रजीत एक शब्द शोधू नका, मिळणार नाही. गांधींसाठी 'आय हॅव ॲन इची रॅश'. आंबट पाण्यासाठी 'सावर फ्लुइड कम्स अप इन माय थ्रोट'. डोक्यासाठी 'आय गेट अ बॅड हेडेक अँड देन आय व्हॉमिट'. 'उष्णता झाली'चं हेच. तोंड आलंय का, लघवीला जळजळ होतेय का, नाकातून रक्त आलं का, जे झालंय ते सांगायचं.

वाक्यांचे साचे तीनच पुरतात. दुखणं असेल तर अवयव पुढे घ्या आणि 'हर्ट्स' लावा: 'माय नी हर्ट्स.' जडलेलं काही असेल तर 'आय हॅव': 'आय हॅव अ फीव्हर', 'आय हॅव अ सोअर थ्रोट'. जाणवत असेल तर 'आय फील': 'आय फील डिझी', 'आय फील शिव्हरी'. आपली कणकण या शेवटच्यात छान बसते.

तुम्हाला अडलेले शब्द इथे लिहा. सगळे मिळून उत्तरं काढू.

---

कडकभाकरी

ताई, धागा उपयोगाचा आहे, पण एक शंका. आपल्याकडे सगळे 'आय ॲम हॅविंग फीव्हर सिन्स थ्री डेज' असंच म्हणतात आणि सात रस्त्यापासून होटगी रोडपर्यंत कुठल्याही डॉक्टरला ते कळतं. मग हे व्याकरणाचं ओझं कशाला? माझ्या आईला आधीच इंग्रजीची धास्ती आहे. चूक काढली की ती तोंडच उघडत नाही.

---

पूर्वभाग_शिकवणी

@कडकभाकरी, तुमच्या आईचं मला पूर्ण पटतं. वर्गात मीही बोलणाऱ्याला मध्ये थांबवत नाही. ते वाक्य जगात कुठेही समजेल, बिनधास्त बोलू द्या.

फक्त एक जागा सांभाळायची. तीन दिवस, दोन आठवडे असा काळ मोजून सांगायचा असेल तर 'फॉर', आणि सोमवारपासून, दिवाळीपासून अशी सुरुवात सांगायची असेल तर 'सिन्स'. 'फॉर थ्री डेज', 'सिन्स मंडे'. पूर्ण वाक्य 'आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज'. ते जड गेलं तर दोन तुकडे करा: 'आय हॅव अ फीव्हर. इट स्टार्टेड ऑन मंडे.' हे मला जास्त आवडतं. सोपं आहे आणि त्यात चुकण्यासारखं काही नाही.

---

ओपीडी_दुपारची

मी फिजिशियन आहे, सोलापुरातच. व्याकरणाने पेशंटचं काही बिघडत नाही, अर्थ चुकला तर बिघडतं. त्यातली सगळ्यात धोक्याची जागा सांगतो: 'गॅस'.

छातीत दुखायला लागलं की आपल्याकडे पहिलं निदान घरातच होतं, 'गॅस झालाय'. मग सोडा, ओवा, हिंग, आणि तोवर वेळ निघून जातो. हेच आजोबा मुलाकडे परदेशी गेल्यावर तिथे फोनवर 'आय हॅव गॅस' सांगतात. ऐकणारा ते पोटातला वारा म्हणूनच घेणार आणि तातडीचं समजणार नाही. म्हणून छातीच्या बाबतीत गॅस हा शब्द जिभेवर येऊच देऊ नका. म्हणा: 'आय हॅव चेस्ट पेन.' दुखण्यापेक्षा दाबल्यासारखं, आवळल्यासारखं वाटत असेल तर 'माय चेस्ट फील्स टाइट'. डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल तर 'इट गोज टू माय लेफ्ट आर्म', 'टू माय जॉ', 'टू माय बॅक'. घाम सुटला असेल तर 'आय ॲम स्वेटिंग'. दम लागत असेल तर 'आय ॲम शॉर्ट ऑफ ब्रेथ'.

मधुमेह असलेल्यांना, आणि बऱ्याच बायकांना, हार्ट अटॅकमध्ये छातीत फारसं दुखतही नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. तेव्हा 'दुखत नाहीये ना, मग काही नाही' असं धरून बसू नका.

चक्कर हा शब्दही फोडून सांगावा. घर गरगर फिरतंय असं वाटत असेल तर 'द रूम इज स्पिनिंग'. उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येऊन पडायला होत असेल तर 'आय फील लाइक आय ॲम गोइंग टू फेंट'. दोन्हींची कारणं वेगळी, तपासण्या वेगळ्या. खरंच शुद्ध हरपली असेल तर 'आय पास्ड आउट', आणि किती वेळ ते सोबतच्या माणसाने सांगायचं.

मान अवघडली असेल तर सोबत कारण सांगा. उशीवर वाकडं झोपल्याने अवघडली असेल तर 'आय स्लेप्ट इन अ बॅड पोझिशन'. कारण ताप, डोकेदुखी आणि 'स्टिफ नेक' हे तिन्ही एकत्र ऐकलं की आम्ही मेंदूज्वराचा विचार करतो.

आता खास आपल्या गावचा मुद्दा. आयुष्यभर काय काम केलं ते सांगा. परदेशातल्या डॉक्टरला समोरची म्हातारी विडी वळत होती हे कळायला मार्ग नाही. 'आय रोल्ड बीडीज ॲट होम फॉर मेनी इयर्स. आय वर्क्ड विथ टोबॅको डस्ट.' दिवसभर जमिनीवर मान खाली घालून बसण्याने मान-पाठ जाते आणि तंबाखूची धूळ श्वासात जाते, हे आमच्या ओपीडीत रोज दिसतं. मागावर काम केलेल्यांनी सांगायचं: 'आय वर्क्ड ऑन पॉवरलूम्स.' त्या खडखडाटाने ऐकू कमी येतं. सूतगिरणीत काम केलेल्यांना कापसाच्या धुळीने छातीचा एक विकार होतो, बिसिनोसिस. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. 'माय चेस्ट वॉज वर्स ऑन द फर्स्ट डे आफ्टर अ हॉलिडे' हे एक वाक्य डॉक्टरला योग्य वाटेवर नेईल.

---

सिव्हिल_ते_इंग्लंड

वरच्या डॉक्टरांना अनेक धन्यवाद. मी सोलापुरातूनच नर्सिंग केलं, आता इंग्लंडमध्ये वॉर्डात आहे. इथल्या काही गोष्टी.

इथे 'आय फील सिक' म्हटलं की नर्स उलटीसाठी भांडं घेऊन येते, कारण ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ मळमळतंय. 'आय वॉज सिक' म्हणजे उलटी झाली. नुसतं बरं नाही वाटत म्हणायचं तर 'आय फील अनवेल' किंवा 'आय फील इल'. अमेरिकेत मात्र 'सिक' म्हणजे आजारी.

'आय हॅव अ टेम्परेचर' म्हणजे ताप आहे. आकडा इथे सेल्सिअसमध्ये चालतो. आपल्या १००.४ ला इथे ३८ म्हणतात. तुम्ही 'शंभर ताप' सांगितलात तर फॅरनहाइट हा शब्द जोडा. अमेरिकेत आपल्यासारखंच फॅरनहाइट आहे.

'डॉक्टर्स सर्जरी' म्हणजे साधा दवाखाना. बोर्ड वाचून घाबरू नका, ऑपरेशन नाहीये. 'जॅब' म्हणजे इंजेक्शन किंवा लस. औषधाच्या दुकानाला 'केमिस्ट' किंवा 'फार्मसी'. 'लूज मोशन' इथे सगळ्यांना कळतंच असं नाही, 'डायरिया' म्हणा. तो शब्द अडला तर 'आय हॅव बीन टू द टॉयलेट सिक्स टाइम्स, इट्स लाइक वॉटर'. यात कुणी नाक मुरडत नाही. इथले डॉक्टर आणि सरकारी आरोग्यसेवेची पत्रकंसुद्धा 'पी' आणि 'पू' असेच साधे शब्द वापरतात.

आपल्या लोकांना प्रश्न जास्त अडतात असं मी रोज बघते. 'हॅव यू ओपन्ड योर बॉवेल्स?' म्हणजे शौचाला झाली का. 'आर यू पासिंग वॉटर ओके?' म्हणजे लघवी नीट होतेय का, इथे पाणी प्यायचा संबंध नाही. 'आर यू ऑन एनीथिंग?' म्हणजे काही औषधं चालू आहेत का. तेव्हा गोळ्यांबरोबर काढा, चूर्ण, आयुर्वेदिक गोळ्या हेही सांगायचं, कारण काहींचा इतर औषधांशी संबंध येतो. 'डझ इट कम अँड गो?' म्हणजे थांबून थांबून होतं का.

होकार-नकार तोंडाने द्या. आपण मान जशी डोलावतो तिचा अर्थ इथल्या लोकांना लागत नाही. 'येस' किंवा 'नो' मोठ्याने.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा मागता येतो, 'आय नीड अ मराठी इंटरप्रिटर, प्लीज'. सरकारी आरोग्यसेवेत त्याचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. बहुतेक वेळा फोनवर मिळतो. नातवंडांकडून भाषांतर करून घेणं टाळा. आजी मुलांसमोर काही गोष्टी बोलत नाही, आणि लहान मुलावर असल्या बातमीचा भार टाकू नये. तातडीचा नंबर ९९९. तातडी नाही पण कुणाला तरी विचारायचंय, तर १११.

---

हुतात्मा_सी२

अमेरिकेचं मी जोडतो. लेक तिकडे असते, आम्ही दोघं जाऊन-येऊन असतो. तातडीचा नंबर ९११. तिथे तातडीच्या विभागाला 'ईआर' म्हणतात. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना दुभाषा मोफत द्यावा लागतो, तसा कायदाच आहे. म्हणून संकोच न करता मागा.

पॅरासिटामॉल मागितलं तर तिथे दुकानात पटकन कळत नाही. तेच औषध तिकडे 'असिटामिनोफेन' नावाने मिळतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांमध्येही तेच असतं. पिशवीतली क्रोसिन आणि तिथली सर्दीची गोळी अशा दोन्ही घेतल्या तर एकच औषध दुप्पट पोटात जातं आणि यकृताला त्रास होतो. मी निघायच्या आधी आमच्या डॉक्टरांकडून सगळ्या औषधांची मूळ नावं, म्हणजे कंपनीचं नाव सोडून आतल्या औषधाचं नाव, कागदावर लिहून घेतो. तो कागद पासपोर्टबरोबर.

आणि डॉक्टर आत आल्या आल्या 'व्हॉट ब्रिंग्ज यू इन टुडे?' विचारतात. कशाने आलात असं त्यांना विचारायचं नसतं. काय त्रास होतोय, हा प्रश्न आहे.

---

तिपेडी_नाडा

माझ्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, शाळा मराठी, बाजारात दखनी. आपल्या गावात आजारपण चार भाषांत सांगतात आणि आपले डॉक्टर चारही समजून घेतात. म्हणून मला वाटतं, नुसत्या पेशंटनेच भाषा शिकायची असं का? डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथे चिनी शिकले, आणि तिथल्या जखमी सैनिकांवर उपचार केले, विद्यार्थ्यांना शिकवलं. १९४२ मध्ये तिथेच गेले, वय अवघं ३२. शहरात त्यांचं स्मारक आहे. परक्या मुलखात डॉक्टरने पेशंटची भाषा घेतली, हे आपल्या गावचंच उदाहरण आहे. नर्सिंगच्या मुलींना हे जरूर सांगा ताई.

---

ओपीडी_दुपारची

@तिपेडी_नाडा, अगदी मनातलं बोललात. एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये आता स्थानिक भाषेचे तास असतात. बाहेरच्या राज्यातून आलेली मुलं पेशंटजवळ बसून शिकतात. 'पोट दुखलालंय' हे आपलं सोलापुरी त्यांना पहिल्या महिन्यात कळायला लागतं.

---

अक्कलकोट_रोड_२१

मी जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅडम, आम्हाला चार्टवर 'पेन प्रेझेंट' एवढंच लिहायची सवय लागते. दुखण्याचे प्रकार इंग्रजीत सांगाल का? आमच्याकडे पेशंट ठणका, कळ, चमक, सणक सगळं वेगवेगळं सांगतात.

---

पूर्वभाग_शिकवणी

@अक्कलकोट_रोड_२१, प्रश्न फार मोलाचा आहे. मराठीत दुखण्याचे शब्द भरपूर आहेत, आणि इंग्रजीतही आहेत. ते जुळवले की चार्ट बोलायला लागतो.

ठणका म्हणजे 'थ्रॉबिंग', नाडीच्या ठोक्यागणिक ठसठसतं ते. गळू, सुजलेली दाढ. पायात वरून खाली विजेसारखी चमक गेली तर 'शूटिंग'. सुरी खुपसल्यासारखं असेल तर 'स्टॅबिंग'. आग-जळजळ 'बर्निंग'. सतत मंद दुखणं 'डल एक'. पोटात मुरडा मारून कळ येते आणि ओसरते, ती 'क्रॅम्पिंग', आणि सोबत 'इट कम्स इन वेव्ज'. पिंढरीत गोळा आला तर तोही 'क्रॅम्प'. मुंग्या आल्या तर 'पिन्स अँड नीडल्स' किंवा 'टिंगलिंग'. बधीर झालं तर 'नम'. घशात खवखव 'स्क्रॅची थ्रोट'. छातीत धडधड 'माय हार्ट इज रेसिंग'.

उसण भरली याला मी शब्द शिकवत नाही, वर्णन शिकवते: 'आय बेंट डाउन अँड माय बॅक लॉक्ड. आय कान्ट स्टँड स्ट्रेट.'

यापुढे दोन गोष्टी लिहायच्या. कशाने वाढतं: 'इट गेट्स वर्स व्हेन आय वॉक', 'आफ्टर फूड', 'ॲट नाइट'. आणि किती: शून्य ते दहामध्ये आकडा. आपले पेशंट अंगावर काढणारे. 'थोडंसं आहे' म्हणत दहातलं आठ सोसत असतात, विशेषतः घरातल्या बायका. म्हणून आकडा विचारताना जोडून विचारा, रात्री झोप लागली का, जेवण गेलं का. झोपच लागली नसेल तर 'थोडंसं' खरं नाही. चार्टवर 'कुड नॉट स्लीप' लिहा, राउंडला आलेल्या डॉक्टरला त्यातून खूप कळतं.

---

कडकभाकरी

आईला तुमचे 'हर्ट्स, हॅव, फील' हे तीन साचे शिकवले. काल रात्री फोनवर ताईला, म्हणजे माझ्या बहिणीला, गुडघ्याचं सगळं इंग्रजीतून सांगितलं तिने. एप्रिलमध्ये जायचंय तिला. उन्हाचं कसं सांगायचं? जायच्या आधी इथलं ऊन तिला नेहमी बाधतं, आणि वाटेत मुंबईपर्यंतचा प्रवास.

---

ओपीडी_दुपारची

'आय वॉज आउट इन द सन. आय फील डिझी अँड आय हॅव अ हेडेक.' हे साधं ऊन लागणं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात, मग भाषेचा विचार करत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला, १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आईंना सकाळच्या गाडीने पाठवा.

---

जुळे_सोलापूर_वाचक

बरेच दिवस नुसतं वाचत होते. विचारायला संकोच वाटतो, पण सुनेकडे चालले आहे आणि तिथे पुरुष डॉक्टर असला तर बायकांचं कसं सांगायचं? लघवीच्या जागेचा त्रास मला अधूनमधून होतो.

---

सिव्हिल_ते_इंग्लंड

ताई, बरं झालं विचारलंत. अपॉइंटमेंट घेतानाच म्हणा, 'कॅन आय सी अ फीमेल डॉक्टर, प्लीज?' कारण द्यावं लागत नाही. बाई डॉक्टर नसली तर तपासताना सोबत नर्स मागा, 'कॅन आय हॅव अ चॅपरोन?'

जळजळ होत असेल तर 'इट बर्न्स व्हेन आय पी'. सारखं जावं लागत असेल तर 'आय नीड टू पी व्हेरी ऑफन'. रोखता येत नसेल, खोकताना-हसताना थेंब जात असतील, तर 'आय लीक व्हेन आय कफ'. हे फार बायकांना होतं, त्यावर उपचार आहेत, सांगाच. अंगावरून पांढरं जात असेल तर 'आय हॅव व्हाइट डिस्चार्ज', खाज असेल तर 'अँड इट इचेस'. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं असेल तर ते एकदाच असलं तरी सांगायचं: 'माय पीरियड्स हॅड स्टॉप्ड, बट आय हॅव सीन ब्लड अगेन.'

सुनेच्या किंवा मुलीच्या वेळी 'व्हेन वॉज योर लास्ट पीरियड?' विचारतील. तिथे पाळीचा पहिला दिवस सांगायचा असतो, संपल्याचा नाही. तारीख आठवत नसेल तर 'अबाउट थ्री वीक्स अगो' चालतं.